कागदावर मांडलेली पंगत : थँक्सगिव्हिंग आणि त्याचे साहित्य

अमेरिकेत दरवर्षी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग साजरे होते. सुगी उरकलेली असते आणि झाडांची पाने बहुतेक गळून गेलेली असतात. दूर गेलेली मुले त्या आठवड्यात आईवडिलांच्या घरी परततात. ओव्हनमध्ये सारण भरलेली अख्खी टर्की भाजली जाते. सोबतीला क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी, कुस्करलेले बटाटे आणि शेवटी लाल भोपळ्याचा ‘पम्पकिन पाय’ असतो. मूर्ती नाही, मुहूर्त नाही, भेटवस्तूंची देवाणघेवाण नाही. सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसून जेवणे हाच या सणाचा विधी आहे.

हा विधी १६२१ सालापासून अखंड चालत आला आहे, असे अमेरिकी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. कागदपत्रे तसे सांगत नाहीत. घरगुती मेजवानीची चाल न्यू इंग्लंडपुरती होती. ती साऱ्या देशाची झाली एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा छापील कागदाचा होता. एक कादंबरी, एक मासिक, मुलांसाठीची एक कविता, काही गोष्टी आणि काही चित्रे यांनी ही पंगत आधी कागदावर मांडली. घरोघरची टेबले नंतर तशी मांडली जाऊ लागली.

एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेल्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ (१९८३) या ग्रंथानंतर ‘अमुक परंपरा रचलेली आहे’ असे दाखवून देणे अभ्यासकांच्या हातचा मळ झाला. थँक्सगिव्हिंग रचलेले आहे एवढे सिद्ध करून थांबण्यात त्यामुळे फारसे काही हाती लागत नाही. प्रत्येक परंपरा कधीतरी कोणीतरी रचलेलीच असते. पंगत कागदावर मांडताना कोणाचे पान मांडले गेले आणि कोणाचे राहून गेले, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. थँक्सगिव्हिंगच्या साहित्यातले कसदार काय आणि नुसते गोड काय, हेही याच प्रश्नाने ठरवता येते, असे या लेखाचे म्हणणे आहे.

एका परिच्छेदाचा पुरावा

१६२१ च्या शरदातल्या त्या प्रसिद्ध जेवणाचा प्रत्यक्षदर्शी पुरावा केवढा आहे? एडवर्ड विन्स्लो या वसाहतकाराने डिसेंबर १६२१ मध्ये लिहिलेल्या पत्रातला एक छोटा परिच्छेद. हे पत्र पुढच्याच वर्षी लंडनमध्ये छापले गेले. पीक घरात आल्यावर चार माणसे पक्षी मारायला पाठवली. त्यांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरतील एवढे पक्षी आणले. मग वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसांसह आला. त्या लोकांनी पाच हरणे मारून आणली आणि तीन दिवस खाणेपिणे चालले. एवढेच. टर्कीचे नाव नाही, ‘थँक्सगिव्हिंग’ हा शब्द नाही. त्या लोकांच्या लेखी ‘थँक्सगिव्हिंग’ म्हणजे प्रार्थनेचा दिवस, मेजवानीचा नव्हे.

या परिच्छेदात काय नाही तेही पाहिले पाहिजे. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी आले होते आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले निम्मे दगावले. लग्न झालेल्या बायकांपैकी सुगीपर्यंत जिवंत राहिल्या फक्त चार. पन्नासेक गोरे आणि नव्वद पाहुणे यांचा तीन दिवसांचा स्वयंपाक या चौघींनी आणि हाताशी असलेल्या मुलींनी रांधला असणार. विन्स्लोच्या परिच्छेदात त्यांचा उल्लेखही नाही.

दुसरी गैरहजेरी जमिनीची आहे. ज्या जागी प्लिमथ वसले तिथे आधी पटक्सेट नावाचे वाम्पानोआग गाव होते. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते ओस पडले. वसाहतकारांना मका कसा लावायचा हे शिकवणारा टिस्क्वांटम याच गावचा. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकले होते. तो परतला तेव्हा गावात कोणी उरले नव्हते. ज्या मक्याच्या सुगीचा आनंद साजरा झाला तो मका त्या मेलेल्या गावाच्या शेतात पिकला होता.

या जेवणाला ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ हे नावही १६२१ मध्ये कोणी दिले नाही. ते २२० वर्षांनी, १८४१ साली, अलेक्झांडर यंग या पाद्र्याने विन्स्लोचे पत्र पुन्हा छापताना एका तळटीपेत दिले. एवढ्या मोठ्या राष्ट्रीय कथेचा पाया एका तळटीपेत असावा, ही गोष्ट संशोधकाला मौजेची वाटेल. पुढची चित्रे मात्र त्या टीपेवर बेधडक उभी राहिली. जेनी ब्राउन्सकोम्बच्या १९१४ च्या चित्रात मध्यभागी गोऱ्यांचे प्रार्थनारत लांब टेबल आहे आणि मूळ रहिवासी कडेला. जीन लिऑन जेरोम फेरिसच्या त्याच काळातल्या चित्रात ते जमिनीवर बसलेले आहेत आणि गोरी स्त्री त्यांना वाढते आहे. प्रत्यक्षात पाहुणे यजमानांच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि पाहुणे कोण व यजमान कोण हेच मुळात वादाचे होते. ज्यांनी हरणे आणली त्यांना चित्रकाराने घेणेकऱ्यांच्या जागी बसवले.

दोन संपादिका

सणाला आजचे रूप देण्यात सर्वांत मोठा वाटा सारा जोसेफा हेल यांचा. १७८८ साली न्यू हॅम्पशायरमध्ये जन्म. १८२२ मध्ये नवरा वारला, पदरी पाच मुले. पोटासाठी लेखणी हाती घेतली आणि १८२७ मध्ये ‘नॉर्थवुड’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला स्वतंत्र प्रकरण आहे. टेबलाच्या अग्रभागी भाजलेली टर्की. मग गाय, डुक्कर, मेंढी यांचे मांस. बदके, कोंबडीचा पाय, लोणची, मुरंबे आणि भोपळ्याचा पाय. ही यादी वाचताना आपल्याला रुक्मिणीस्वयंवरातल्या किंवा बखरीतल्या पंक्तिवर्णनांची आठवण व्हावी. रचनेची एक हुशारीही लक्षात घेण्यासारखी आहे. दक्षिणेत वाढलेला नायक घरी परततो तो एका इंग्रज मित्राला घेऊन, आणि त्या परक्या माणसाला सण समजावून सांगितला जातो. घरातल्या माणसांना जे सांगावे लागत नाही ते पाहुण्याच्या निमित्ताने वाचकाला सांगता येते. हा सण एके दिवशी सगळ्या राज्यांत एकत्र साजरा व्हावा, ही इच्छाही या कादंबरीतच व्यक्त झाली आहे.

१८३७ पासून १८७७ पर्यंत हेलबाई फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज् लेडीज् बुक’ या मासिकाच्या संपादिका होत्या. यादवी युद्धाच्या तोंडावर त्याचा खप दीड लाखाच्या घरात होता. त्या काळी अमेरिकेतले ते सर्वाधिक वाचले जाणारे मासिकांपैकी एक. १८४० च्या दशकापासून त्यांनी दर शरदात थँक्सगिव्हिंगवर संपादकीये लिहिली, गोष्टी आणि पाककृती छापल्या, राज्यपालांना व राष्ट्राध्यक्षांना पत्रे पाठवली. २८ सप्टेंबर १८६३ ला त्यांनी लिंकनला पत्र लिहिले. ३ ऑक्टोबरला लिंकनचा जाहीरनामा निघाला आणि नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार राष्ट्रीय आभारदिन ठरला. (आजचा चौथा गुरुवार १९४१ च्या कायद्याने आला.) लिंकनच्या जाहीरनाम्यात प्लिमथचे नाव नाही. तिथे आहेत ते युद्धाने केलेल्या विधवा आणि अनाथ मुले. देश दुभंगलेला असताना एका दिवशी सगळ्यांनी जेवायला बसावे, ही त्यामागची कळकळ खरी होती.

पण या कळकळीत एक गाळलेली जागा आहे. ‘गोडीज्’मध्ये राजकारणाला मज्जाव होता, युद्ध चालू असतानाही मासिकाने युद्धाचे नाव काढले नाही. गुलामगिरी हेलबाईंना नापसंत होती, पण त्यांचा उपाय मुक्त केलेल्या काळ्या माणसांना आफ्रिकेत पाठवण्याचा होता. त्यासाठी त्यांनी ‘लायबेरिया’ (१८५३) हे पुस्तक लिहिले. म्हणजे उत्तर-दक्षिणेचे गोरे भाऊ एका टेबलावर बसावेत म्हणून ज्यांनी जन्मभर खटपट केली, त्यांनी काळ्या माणसांचे पान समुद्रापलीकडे मांडले.

त्यांच्याच पिढीतल्या दुसऱ्या लेखिका लिडिया मारिया चाइल्ड. नदी ओलांडून, रान तुडवून आजोबांच्या घरी जाणाऱ्या घसरगाडीची त्यांची कविता (१८४४) आजही अमेरिकी मुलांच्या तोंडी असते. याच चाइल्डबाईंनी १८३३ मध्ये गुलामगिरी ताबडतोब रद्द करावी असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि त्याची किंमत मोजली. वाचक तुटले. त्या मुलांसाठी चालवत असलेले मासिक त्यांना सोडावे लागले. त्या जागी संपादिका म्हणून आल्या त्या सारा हेल! थँक्सगिव्हिंगचे दोन पायाभूत मजकूर लिहिणाऱ्या या दोघींच्या वाटा अशा एका खुर्चीपाशी येऊन फुटल्या.

चाइल्डबाईंच्या साहित्यातली फट अधिक बोलकी आहे. १८२४ च्या ‘होबोमोक’ या कादंबरीत त्यांनी गोरी मुलगी आणि मूळ रहिवासी तरुण यांचे लग्न लावले. त्या काळात हे धाडसच होते. पण नायिकेचा पहिला प्रियकर परत येताच होबोमोक मोठ्या मनाने बाजूला होतो आणि अरण्यात निघून जातो. त्याचा मुलगा गोऱ्यांच्या शाळेत शिकतो आणि बापाचे नाव हळूहळू पुसले जाते. गोऱ्या कुटुंबाची पंगत पुरी व्हावी म्हणून एक माणूस उठून जातो आणि लेखिका त्याच्या औदार्याचे कौतुक करते. वीस वर्षांनी त्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या कवितेत हे कोणतेच प्रश्न उरलेले नाहीत. बर्फ आहे, घोडा आहे, आजोबांचे घर आहे. कवितेचा सगळा रस प्रवासात आहे. जेवण अगदी शेवटी येते. पुढे लोकांच्या तोंडी ‘आजोबांचे घर’ बरेचदा ‘आजीचे घर’ झाले. घर आजोबांच्या मालकीचे आणि चूल आजीच्या, हे लोकांनी कवितेवर केलेले भाष्यच म्हणायचे.

वाढणारे हात

घरच्या जेवणाच्या साहित्यात स्वयंपाक करणारी व्यक्ती बहुधा दिसत नाही. दिसतो तो पदार्थ. लुईसा मे अल्कॉटने ‘ॲन ओल्ड-फॅशन्ड थँक्सगिव्हिंग’ (१८८१) या गोष्टीत हा पडदा थोडा सरकवला. आजी आजारी असल्याचा निरोप येतो, आईवडील तातडीने निघून जातात आणि मुले ठरवतात की आता जेवण आपणच करायचे. सारणात चुकीचा पाला पडतो, ते कडू होते. पुडिंग दगडासारखे घट्ट होते. निरोप चुकीचा होता असे कळते, मोठी माणसे परततात आणि हसत हसत जेवण होते. गोष्ट हलकीफुलकी आहे, पण तिच्यात एक गोष्ट साध्य झाली आहे. दर वर्षी टेबलावर आपोआप अवतरणारे जेवण हे कोणाचे तरी कसब असते, हे आई घरात नसतानाच कळते.

याच्या शेजारी नॉर्मन रॉकवेलचे ‘फ्रीडम फ्रॉम वाँट’ ठेवून पाहावे. ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’च्या ६ मार्च १९४३ च्या अंकातले हे चित्र. रूझवेल्टने १९४१ च्या भाषणात सांगितलेल्या चार स्वातंत्र्यांपैकी ‘अभावापासून मुक्ती’ हा त्याचा विषय. पांढऱ्या टेबलक्लॉथवर पांढऱ्या बशा, पेल्यांत पाणी, एप्रन घातलेली आजी भली मोठी टर्की टेबलावर ठेवते आहे, मागे आजोबा उभे. टर्की सोडली तर खाण्याचे पदार्थ चित्रात थोडेच आहेत. माणसे एकमेकांकडे पाहून हसताहेत, टर्कीकडे कोणी पाहत नाही. चित्रकार म्हणून रॉकवेलचे यश इथे आहे: भूक भागल्याची खात्री त्याने अन्नातून न दाखवता चेहऱ्यांतून दाखवली. तरी युरोपात तेव्हा लोक अर्धपोटी होते, आणि हे चित्र मुक्तीचे नसून अतिरेकाचे आहे असे तिकडच्यांना वाटल्याची नोंद खुद्द रॉकवेलनेच केली आहे.

चित्रातली ती आजी रॉकवेलच्या घरची स्वयंपाकीणबाई होती. पगारावर स्वयंपाक करणारी बाई त्या घरच्या आजीचे रूप घेऊन उभी राहिली आणि देशाने तिच्यात आपली आजी पाहिली. दुसरी बाब चित्रासोबत छापलेल्या निबंधाची. तो लिहिला कार्लोस बुलोसान याने. हा फिलिपिन्समधून १९३० मध्ये आलेला स्थलांतरित, पश्चिम किनाऱ्यावर मजुरी केलेला. जे पिकवतात, खुडतात, डबाबंद करतात त्यांच्या वाट्याला ते पीक येते का, असा रोख त्या निबंधाचा आहे. चित्र घरोघरच्या भिंतींवर गेले, निबंध बहुतेकांनी विसरला. एकाच अंकाच्या समोरासमोरच्या मजकुरांत जेवणारे आणि पिकवणारे होते. वाचकांच्या स्मरणात जेवणारे तेवढे राहिले.

अमेरिकी चित्रकलेला याहून मोठी पंगत ठाऊक नव्हती असे नाही. थॉमस नास्टने ‘हार्पर्स वीकली’त नोव्हेंबर १८६९ मध्ये काढलेल्या चित्रात अंकल सॅम टर्की कापतो आहे आणि टेबलाभोवती काळे, चिनी, मूळ रहिवासी, युरोपातून आलेले असे सारे आपल्या बायकामुलांसह बसले आहेत. मध्यभागी स्वशासन आणि सार्वत्रिक मताधिकार यांची ग्वाही. ते चित्र भाबडे आहे, पण त्याच्या टेबलाला जागा होती. ७४ वर्षांनी तेच टेबल आकसून एका गोऱ्या कुटुंबाएवढे झाले आणि राष्ट्राचे चित्र म्हणून मिरवले.

पंगतीबाहेरचे

या विषयावरच्या कसदार गोष्टी या आकसलेल्या टेबलाच्या बाहेर उभे राहून लिहिलेल्या आहेत. ओ. हेन्रीची ‘टू थँक्सगिव्हिंग डे जंटलमेन’ (‘द ट्रिम्ड लॅम्प’, १९०७) ही त्यांतली सर्वांत धारदार. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये स्टफी पीट नावाचा भणंग दर थँक्सगिव्हिंगला एका बाकावर बसतो. गेली नऊ वर्षे एक वृद्ध गृहस्थ येऊन त्याला उपाहारगृहात नेतो आणि पोटभर जेवू घालतो. या वर्षी पीटला वाटेतच दुसऱ्या घरच्या दोन म्हाताऱ्या बायकांनी आकंठ जेवू घातलेले असते. तरी म्हाताऱ्याचा हिरमोड नको म्हणून तो पुन्हा सगळे जेवण रिचवतो आणि रस्त्यात कोसळतो. थोड्या वेळाने त्याच रुग्णालयात तो म्हातारा आणला जातो. तीन दिवस त्याने काही खाल्लेले नसते.

ओ. हेन्रीच्या कलाटण्यांना समीक्षक नाके मुरडतात, पण इथली कलाटणी विचाराचीच आहे. लेखक परंपरेची थट्टा करतो, तशी तिला सलामही करतो. दोघांनाही माहीत आहे की हे जेवण भुकेसाठी उरलेले नाही. एकाला देण्याचा मान राखायचा आहे, दुसऱ्याला घेण्याचा. कोणत्याही सणात असा एक क्षण येतो की विधी माणसांसाठी न राहता माणसे विधीसाठी राबू लागतात. त्या क्षणी जे उरते ते दुसऱ्याचे मन मोडू नये एवढेच. ती गोष्ट क्षुल्लक नाही आणि पुरेशीही नाही, हे दोन्ही ओ. हेन्रीने एका रुग्णालयात ठेवून दाखवले.

ट्रूमन कपोटीची ‘द थँक्सगिव्हिंग व्हिजिटर’ (१९६७) ही दीर्घकथा आणखी खोल जाते. मंदीच्या काळातले अलाबामा. लहानग्या बडीला शाळेत छळणारा ऑड हेंडरसन हा गरीब घरचा दांडगट मुलगा. बडीची वयस्क, भाबडी आणि शहाणी नातलग मिस सूक त्याच मुलाला सणाच्या जेवणाला बोलावते. ऑड न्हाणीघरातून मिस सूकचा दागिना उचलताना बडी पाहतो आणि भरल्या टेबलावर सगळ्यांदेखत त्याला चोर ठरवतो. मिस सूक पाहून येते आणि दागिना जागेवर आहे असे धडधडीत खोटे सांगते. ऑड मात्र उभा राहून चोरी कबूल करतो आणि निघून जातो. नंतर मिस सूक बडीला समजावते: चोरी वाईट खरी, पण ठरवून केलेला दुष्टपणा त्याहून वाईट.

सणावरच्या बहुतेक कथांत पाहुण्याला वाढले की यजमानाचे पुण्य पुरे होते. कपोटी विचारतो, पाहुण्याला ताटावरून उठवण्याची ताकद यजमानाच्या हाती असते, तिचे काय? बडी खरे बोलतो आणि तरी चुकतो. कारण ज्याला आपण घरी बोलावले त्याची अब्रू आपल्या हवाली असते. ‘भरल्या ताटावरून उठवू नये’ असे आपल्याकडे म्हणतात, ते हेच.

उशिरा आलेला भाऊ

बॅरी लेव्हिन्सनचा ‘ॲव्हलॉन’ (१९९०) हा चित्रपट बाल्टिमोरच्या एका स्थलांतरित ज्यू कुटुंबाची तीन पिढ्यांची कथा सांगतो. थँक्सगिव्हिंग कशासाठी, आभार कोणाचे मानायचे, हे आजी एव्हाला शेवटपर्यंत पटत नाही. तरी दर वर्षी सगळे भाऊ, त्यांच्या बायका आणि मुले एका घरात दाटीवाटीने जेवतात. थोरला भाऊ गेब्रिएल नेहमी उशिरा येतो आणि तो आल्याशिवाय टर्की कापायची नाही हा अलिखित नियम. पुढे एक कुटुंब उपनगरात राहायला जाते. गेब्रिएलला तेवढ्या लांब यायला फार वेळ लागतो, मुले भुकेने रडकुंडीला येतात आणि टर्की कापली जाते. तो दारात उभा राहून हे पाहतो, भडकतो आणि कायमचा तुटतो.

मराठी प्रेक्षकाला या प्रसंगाची फोड करून सांगावी लागत नाही. आपल्या लग्नघरांत मानपानावरून असेच धुमसते. पण लेव्हिन्सन हा रुसवा म्हातारचळ म्हणून दाखवत नाही. टर्की हे निमित्त आहे. अंतर वाढले आहे ते उपनगर, मोटार आणि दूरचित्रवाणी यांनी. शेवटाकडे तीनच माणसे दूरचित्रवाणीसमोर बसून सणाचे जेवण जेवताना दिसतात. टर्की आहे, सण आहे आणि पंगत मोडली आहे. पदार्थ टिकला म्हणजे परंपरा टिकली असे मानणाऱ्यांना हे दृश्य पुरेसे उत्तर आहे.

फिलिप रॉथने ‘अमेरिकन पॅस्टोरल’ (१९९७) मध्ये याच सणाची दुसरी बाजू मांडली. ज्यू नवरा, कॅथलिक बायको. ईस्टर नको, पासओव्हर नको. धर्माचे नाव न काढता दोन्हीकडच्यांनी एकच पदार्थ खायचा असा वर्षातला एकच दिवस, तो थँक्सगिव्हिंगचा. रॉथच्या लेखी ही चोवीस तासांची तहनाम्याची जागा आहे. तहनामा म्हटला की त्यात उद्या संपणेही आलेच. मराठी माणसेही पुष्कळशी याच तहनाम्यावर अमेरिकेत हा सण पाळतात. दिवाळी कामाच्या वारी येते. फराळाची भेट शनिवारवर ढकलावी लागते. गुरुवार ते रविवारची ही सुटी मात्र सगळ्यांना एकदम मिळते. मग भावंडे एका शहरात जमतात, शाकाहारी घरात टर्कीच्या जागी दुसरे काही येते. सण परका, जमणे आपले.

न झालेले भाषण

१९७० साली ‘मेफ्लॉवर’च्या आगमनाला ३५० वर्षे झाली. त्या निमित्तच्या मेजवानीत बोलण्यासाठी वाम्पानोआग असलेल्या वाम्सुटा फ्रँक जेम्स यांना बोलावले गेले. आयोजकांनी भाषण आधी पाहायला मागितले. त्यात कबरी उकरल्याचे, धान्य चोरल्याचे, जमिनी गेल्याचे होते. हे वाचता येणार नाही, दुसरे लिहून देतो, असे त्यांना सांगण्यात आले. जेम्स यांनी नकार दिला. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला प्लिमथच्या कोल्स हिलवर, मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी लोक जमले आणि तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी तिथे ‘राष्ट्रीय शोकदिन’ पाळला जातो.

वाङ्मयीन दृष्टीने पाहिले तर हे भाषण विन्स्लोच्या परिच्छेदाला मिळालेले साडेतीनशे वर्षांनंतरचे उत्तर आहे. १६२१ चा वृत्तांत एकाच बाजूने लिहिला. दुसरी बाजू लिहू लागली तेव्हा तिला आधी मसुदा दाखवायला सांगितले गेले. टेबलावर खुर्ची देणे सोपे असते. खुर्चीवर बसलेल्याने काय बोलावे हे आपण ठरवायचे नाही, हे पाळणे अवघड असते. थँक्सगिव्हिंगच्या वाङ्मयात हे भाषण घेतले नाही तर ते वाङ्मय अर्धेच वाचल्यासारखे होईल. मराठी वाचकाला ही बाजू अगदीच नवी नाही. पंडिता रमाबाईंनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९) लिहिताना तिथल्या स्त्रियांच्या कर्तृत्वाचे कौतुक केले, तसेच मूळ रहिवाशांवरच्या अन्यायाकडेही पाठ फिरवली नाही.

आपली पंगत

हा सगळा प्रपंच दिवाळी अंकात मांडण्याला एक कारण आहे. सणाला मासिकाने आकार देण्याची गोष्ट आपल्याकडेही घडली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा नमुना समोर होता. आज फराळाच्या ताटाशेजारी दिवाळी अंक असणे हे कित्येक घरांत उटण्याइतकेच सणाचे अंग आहे, आणि ते कोणत्याही धर्मग्रंथात सांगितलेले नाही. एका संपादकाने ते छापले आणि लोकांनी आपलेसे केले. रचलेली म्हणून ही परंपरा खोटी ठरत नाही. हेलबाईंचा गुरुवारही त्याच न्यायाने खोटा ठरत नाही.

पण तोच न्याय पुढेही लावावा लागेल. आपल्या दिवाळी अंकांतून, ललित लेखांतून, आठवणींतून पहाटेचे अभ्यंग, आईच्या हातची चकली, आजोळचा फराळ यांची वर्णने शंभरावर वर्षे येत आहेत. त्यांत ‘आईच्या हातची’ चव असते. पंधरा दिवस भाजणीच्या वाफेत आणि कढईपुढे गेलेले हात क्वचित असतात. वसुबारसेला गाय येते, तिला चारा घालणारा गडी येत नाही. फराळाचे ताट ज्यांच्या घरी पाठवले जाते त्यांची नावे येतात. मागच्या दारी ज्यांना दिले जाई त्यांच्या बाजूने दिवाळी कशी दिसे, हे मराठीत लिहिले गेले ते दलित आत्मकथने आल्यावर. ती आत्मकथने सणाच्या साहित्याबाहेरची म्हणून वाचली गेली. खरे तर विन्स्लोच्या परिच्छेदाला जेम्स यांच्या भाषणाचे जे नाते, तेच आपल्या फराळ-लेखांना या आत्मकथनांचे.

आज ऑक्टोबर लागला की पुण्या-मुंबईतून फराळाची खोकी अमेरिकेला रवाना होतात. खोक्यावर ‘घरगुती’ असे लिहिलेले असते आणि ते खरेही असते. फक्त ते घर पाठवणाऱ्याचे नसते. मजुरीवर चकल्या पाडणाऱ्या, लाडू वळणाऱ्या बायकांचे असते. न्यू जर्सीतल्या टेबलावर ते खोके उघडले जाते तेव्हा आई आठवते, आणि त्यात गैर काही नाही. रॉकवेलच्या चित्रातल्या आजीतही लाखो लोकांना आपापली आजी भेटली होती. त्या चित्रातल्या बाईला पगार मिळत होता, ती दुसऱ्याच्या घरी रांधत होती आणि सणाच्या दिवशी तिच्या स्वतःच्या घरी कोण रांधत होते हे कोणी लिहून ठेवले नाही. फराळाच्या खोक्यामागच्या बाईबद्दल लिहायला मात्र आपल्यापाशी अजून वेळ आहे, आणि दर वर्षी निघणारे दिवाळी अंकही.